चार आकडी पिन आणि तीन आठवड्यांची स्क्रीन: नाशिकच्या एका सीए ऑफिसातलं रिकॉल प्रकरण

शरणपूर रोडवरच्या एका सीए ऑफिसात अंबडचा एक कारखानदार बसला होता. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट कोणत्या नमुन्यात भरायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. आर्टिकलनं, म्हणजे सीए होण्यासाठी तिथे शिकाऊ काम करणाऱ्या मुलानं, नव्या लॅपटॉपची स्क्रीन त्याच्याकडे वळवली, रिकॉल ही स्क्रीनची चित्रं (स्नॅपशॉट) साठवून त्यांत शोधू देणारी विंडोज ११ ची सुविधा उघडली आणि शोधपट्टीत इंग्रजीत ‘स्टॉक स्टेटमेंट’ टाकलं. समोर छोट्या चित्रांच्या ओळी आल्या. पहिल्याच ओळीत त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या व्हेंडरचं स्टेटमेंट होतं: मालाचा साठा, येणेकऱ्यांची यादी, खाली ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे त्यावर बँकेतून उचलता येणाऱ्या रकमेचा, आकडा. दोघंही एकाच मोठ्या वाहन कंपनीला सुटे भाग पुरवतात आणि ऑर्डरसाठी एकमेकांविरुद्ध दर भरतात. ज्या फाईलमधले हे आकडे होते ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच. ती ऑफिसच्या सर्व्हरवरून उघडून, पाहून, बंद केली होती.

इथे कुणी काही चोरलं नाही, व्हायरस आला नाही, पासवर्ड फुटला नाही. सगळं जसं चालायला हवं तसंच चाललं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं आहे. लहान ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेल्या सवयी संगणकाला स्क्रीनची आठवण राहू लागली की कशा धोकादायक होतात, ते यात स्पष्ट दिसतं. ऑफिस आणि क्लायंट ओळखू येतील असे तपशील इथे दिलेले नाहीत.

यंत्रं कशी आली आणि कशी लावली गेली

ऑफिसात दोन भागीदार, चार आर्टिकल आणि दोन अकाउंटंट. क्लायंटमध्ये अंबड-सातपूरचे लघुउद्योजक, सराफ बाजारातले दोन पेढीवाले, लासलगावचे कांदा व्यापारी, दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्ष निर्यातदार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. जुन्या संगणकांपैकी तीन विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, म्हणून दिवाळीच्या सवलतीत तीन लॅपटॉप घेतले. एआय हवं म्हणून नव्हे, दुकानात त्या किमतीला तेच होते म्हणून.

तिन्हींपैकी दोन ‘कोपायलट प्लस’ वर्गातले निघाले. या वर्गासाठी एनपीयू, म्हणजे एआयची गणितं करणारी वेगळी चिप, सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी लागते, सोबत १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. तिसऱ्यातही एनपीयू होता, टास्क मॅनेजरमध्ये तो दिसतही होता, पण त्याची ताकद सुमारे ११ लाख कोटींची. त्यावर रिकॉल चालत नाही. टास्क मॅनेजरमध्ये एनपीयू दिसला म्हणजे रिकॉल आलंच, असं समजून घाबरायचं कारण नाही. खूण पाहायची ती ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’ हे पान आहे का, याची.

दोन्ही यंत्रांवर विंडोजची होम आवृत्ती होती. लॅपटॉप सुरू करून देण्याचं काम ज्या आर्टिकलकडे आलं त्यानं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं, स्वतःचा चेहरा नोंदवला आणि सगळ्यांच्या सोयीसाठी चार आकडी पिन ठेवला. पिन सगळ्यांना सांगितला, स्क्रीनच्या कडेला चिकटवलाही. पुढे लॅपटॉप ज्याला लागेल तो वापरू लागला आणि वापरकर्ता मात्र एकच राहिला. तीन आठवड्यांनी त्या आर्टिकलनं रिकॉल ॲप उघडून पाहिलं तेव्हा ‘स्नॅपशॉट साठवायचे का?’ असा प्रश्न आला. त्यानं हो म्हटलं. दुसऱ्या कोपायलट प्लस यंत्रावर ते ॲप कुणी उघडलं नव्हतं, म्हणून तिथे काहीच साठलं नव्हतं. अंबडचा कारखानदार आला तेव्हा पहिल्या यंत्रावर आणखी तीन आठवड्यांची स्क्रीन साठलेली होती, आणि ते आठवडे ऑडिटच्या धावपळीचे होते.

रिकॉल नेमकं काय साठवतं

स्क्रीनवरचा मजकूर बदलला की काही सेकंदांच्या अंतरानं रिकॉल तिचं चित्र घेतं. चित्रातला मजकूर वाचून त्याची अनुक्रमणिका बनवतं आणि ते सगळं त्याच यंत्रावर ठेवतं. शोध चालतो तो या अनुक्रमणिकेत, मूळ फायलींत नाही. त्यामुळे फाईल सर्व्हरवर असो, पेन ड्राइव्हवर असो, व्हॉट्सॲपवर असो किंवा खोडून टाकलेली असो, ती एकदा स्क्रीनवर आली की तिची प्रत लॅपटॉपवर राहते. २५६ जीबीच्या यंत्रावर रिकॉल आपल्यासाठी २५ जीबी राखून ठेवतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं तेवढ्यात सुमारे तीन महिने मावतात. ५१२ जीबीवर हा कोटा ७५ जीबीचा. जागा भरली की जुनं आधी जातं. सुरू करायला किमान ५० जीबी मोकळी जागा लागते आणि ती २५ जीबीखाली गेली की साठवणं आपोआप थांबतं.

या सुविधेचा इतिहास माहीत असायला हवा, कारण बाजारात दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही जुन्या माहितीवर उभी आहेत. २० मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टनं रिकॉल जाहीर केलं. चाचणी आवृत्ती हाती येताच सुरक्षा संशोधक केविन बोमाँट यांनी दाखवलं की वाचलेला सगळा मजकूर साध्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये पडून आहे आणि त्या वापरकर्त्याच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्राम तो वाचू शकतो. अलेक्झांडर हागेना यांनी तो उपसून काढणारं ‘टोटलरिकॉल’ हे साधनच प्रसिद्ध केलं. ७ जूनला कंपनीनं जाहीर केलं की ही सुविधा मागितल्याशिवाय सुरू होणार नाही. १३ जूनला ती सार्वजनिक वाटपातून मागे घेतली. सप्टेंबरअखेर नवी रचना मांडली गेली आणि २५ एप्रिल २०२५ पासून ती सर्वसाधारण वापरकर्त्यांना मिळू लागली.

नव्या रचनेत खरा फरक आहे. स्नॅपशॉट कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असतात, किल्ल्या टीपीएम या सुरक्षा चिपशी आणि विंडोज हॅलोशी, म्हणजे चेहरा, ठसा किंवा पिननं होणाऱ्या प्रवेशाशी, बांधलेल्या असतात, आणि उलगडण्याचं काम मुख्य प्रणालीपासून वेगळ्या काढलेल्या सुरक्षित कप्प्यात होतं. फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेला तर हाती निरुपयोगी फायली लागतात. स्नॅपशॉट मायक्रोसॉफ्टकडे जात नाहीत. ‘सगळं अमेरिकेत जातं’ हे चूक आहे, तसंच ‘कूटबद्ध आहे, आता काळजी नको’ हेही चूक आहे. या ऑफिसात कूटबद्धतेला कुणी हातही लावला नाही, कुलूप रीतसर किल्लीनंच उघडलं गेलं.

पहिल्या तासात काय करावं, काय टाळावं

घटना घडल्यावर भागीदार मॅडमची पहिली सूचना होती, ‘लॅपटॉप फॉरमॅट करून टाका.’ सूचना समजण्यासारखी आहे, पण चूक आहे. फॉरमॅट केलं असतं तर कोणत्या क्लायंटची कोणती माहिती साठली होती हे कधीच कळलं नसतं आणि कुणाला कळवायचं हेही ठरवता आलं नसतं. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला की ड्राइव्हचं कूटबद्धीकरण सहसा आपोआप सुरू होतं आणि ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे अडलेली डिस्क उघडायची किल्ली, त्या खात्यात जाऊन बसते. इथे ते खातं आर्टिकलचं वैयक्तिक होतं. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची असते. तो गेल्यावर एखाद्या अपडेटनं ती किल्ली मागितली असती तर ऑफिसला स्वतःच्याच डिस्कवरचा डेटा उघडता आला नसता.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातल्या रिकॉलच्या चिन्हावरून साठवणं थांबवलं. तिथून मिळणारा विराम दुसऱ्या दिवशीपर्यंतच टिकतो, त्यामुळे ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’मध्ये जाऊन ‘सेव्ह स्नॅपशॉट्स’ हे बटणही बंद केलं. मग वायफाय बंद केलं, म्हणजे लांबून यंत्र चालवू देणाऱ्या रिमोट सॉफ्टवेअरमधून कुणी आत येऊ नये. रिकव्हरी की आर्टिकलच्या खात्यातून काढून कागदावर छापली आणि तिजोरीत ठेवली. त्यानंतरच तपासणी सुरू झाली.

तपासणी एका भागीदारानं केली, आर्टिकल शेजारी बसला. मोबाईल बाहेर ठेवले. रिकॉलची पानं मोबाईलवर टिपून घेण्याचा मोह होतो, पण मग तीच माहिती आणखी एका ठिकाणी जाते. वहीत फक्त क्लायंटचा क्रमांक, माहितीचा प्रकार आणि तारीख लिहिली, आकडे किंवा नावं नाहीत.

काय सापडलं

सर्वांत वाईट सापडली ती पासवर्डची एक्सेल शीट. बहुतेक कर सल्लागारांकडे अशी एक शीट असते: नाव, पॅन, आयकर पोर्टलचा पासवर्ड, जीएसटीचं युजरनेम आणि पासवर्ड, कधी ईमेलचाही. या ऑफिसात ती सर्व्हरवर पासवर्ड लावून ठेवलेली होती आणि त्यांच्या मते सुरक्षित होती. पण दिवसातून दहा वेळा ती उघडली जात होती, आणि उघडी शीट म्हणजे स्क्रीनवरचं साधं चित्र. फाईलचा पासवर्ड तिथे काहीच करू शकत नाही. रिकॉलमध्ये तिचे शंभरापेक्षा जास्त स्नॅपशॉट होते.

रिकॉलमध्ये संवेदनशील माहिती वगळणारा फिल्टर असतो आणि तो मुळात सुरूच असतो, मग शीट कशी आली? फिल्टर मजकुराचा आकार आणि आजूबाजूचे शब्द पाहून अंदाज करतो. डिसेंबर २०२४ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’च्या चाचणीत त्यानं खरेदीच्या संकेतस्थळांची पैसे भरण्याची पानं वगळली होती, पण नोटपॅडमध्ये लिहिलेला कार्ड क्रमांक आणि पासवर्ड मात्र टिपले होते. त्यानंतर फिल्टरमध्ये सुधारणा होत राहिल्या आहेत, तरी अंदाज तो अंदाजच. या शीटमध्ये स्तंभांची नावं ‘आयटी पा.’, ‘जीएस पा.’ अशी देवनागरीत आणि तोडून लिहिलेली होती. रिकॉल ज्या मोजक्या भाषांसाठी तयार केलं आहे त्या म्हणजे इंग्रजी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश. मराठी त्यात नाही. देवनागरी मथळ्याखालचं ‘नाशिक@१२३’ हे पासवर्ड आहे, हे ओळखायला फिल्टरकडे आधारच नव्हता. मराठीत काम करणाऱ्यानं या फिल्टरवर विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं, व्हॉट्सॲप वेब. दिंडोरीच्या एका बागायतदारानं आधारकार्डाचा फोटो पाठवला, चुकून भावाचा गेला म्हणून लगेच सगळ्यांसाठी डिलीट केला. त्याच्या मोबाईलवरून आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲपवरून तो गेला. स्नॅपशॉटमध्ये तो पूर्ण वाचता येईल असा होता. सिग्नलनं मे २०२५ पासून विंडोज ११ वरच्या आपल्या ॲपची खिडकी अशा चित्रणापासून मुळातच झाकून ठेवली आहे. ब्रेव्ह ब्राउझरनंही त्याच वर्षी रिकॉलला अडवणारी व्यवस्था आणली. नाशिकचे व्यापारी मात्र कागदपत्रं व्हॉट्सॲपवरच पाठवणार, हे धरूनच चाललं पाहिजे.

तिसरा प्रकार कुणाच्या लक्षातही आला नव्हता. एका कारखान्याच्या पगारपत्रकातली चूक आर्टिकलनं एनीडेस्क या रिमोट सॉफ्टवेअरवरून दुरुस्त करून दिली होती. म्हणजे कारखान्याच्या संगणकावरची कामगारांची नावं, बँक खाती, पीएफ क्रमांक या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आले आणि इथे साठले. कारखान्याच्या संगणकावर रिकॉल नव्हतं. असतं आणि बंद ठेवलं असतं, तरी उपयोग झाला नसता. जे साठतं ते पाहणाऱ्याच्या यंत्रावर साठतं.

बँकेची पानं नेहमीच्या क्रोम खिडकीत उघडलेली होती, ती आली. इनकॉग्निटोमध्ये उघडलेली आली नाहीत, कारण क्रोम, एज, फायरफॉक्स, ऑपेरा यांच्या खासगी खिडक्या रिकॉल वगळतं. ठिपक्यांनी झाकलेले पासवर्ड अर्थातच ठिपकेच दिसत होते.

पिन किती जणांना माहीत होता

या प्रकरणाचं मूळ पिनमध्ये आहे. रिकॉल सुरू करायला चेहरा किंवा बोटाचा ठसा नोंदवलेला असावा लागतो. त्यामुळे अनेकांचा समज होतो की ते दर वेळी चेहऱ्यानंच उघडतं. तसं नाही. कॅमेरा चालला नाही किंवा अंधार असला तर अडचण नको म्हणून पिनचा पर्यायही दिलेला आहे. ज्याला पिन माहीत, त्याला सगळी स्क्रीन मागे जाऊन पाहता येते.

मग पिन माहीत असलेल्यांची यादी केली. ऑफिसातले आठही जण. टॅलीची दुरुस्ती करून देणारा तंत्रज्ञ, ज्याला एनीडेस्कवरून कधीही आत येण्यासाठी कायमचा पासवर्ड दिलेला होता आणि लॉक स्क्रीन उघडायला पिनही सांगितलेला होता. कीबोर्डची एक कळ अडकत होती म्हणून लॅपटॉप ज्या दुकानात दोन दिवस ठेवला होता ते दुकान, कारण दुरुस्तीच्या पावतीवर ‘पासवर्ड’ असा रकाना होता आणि तो नेहमीप्रमाणे भरून दिला होता. शिवाय चिकटवलेला कागद वाचू शकणारा प्रत्येक पाहुणा. लांब बसलेल्या तंत्रज्ञाला कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवता येत नाही, पण चार आकडे टाइप करता येतात. रिमोट सॉफ्टवेअरमधून पिन टाकून रिकॉल उघडता येतं, हे टीमव्ह्यूअरवर दाखवलं गेलेलं आहे.

पूर्वी हाच पिन फुटला असता तर समोरच्याला त्या क्षणी उघडता येतील एवढ्याच फायली मिळाल्या असत्या. सर्व्हरच्या फायलींना वेगळा पासवर्ड, पोर्टलला वेगळा, नेट बँकिंगला ओटीपी. आता त्या सगळ्या दारांमागचं जे जे कुणी पाहिलं त्याची चित्रं एका पिनमागे आली. दुकान किंवा तंत्रज्ञ यांनी काही उघडल्याचा पुरावा मिळाला नाही आणि तसा आरोपही कुणी केला नाही. पण ‘उघडलं नाही’ हे सिद्ध करता येत नव्हतं, आणि क्लायंटला कळवताना तेवढंच पुरेसं अडचणीचं ठरलं.

खरं तर रिकॉल प्रत्येक विंडोज वापरकर्त्यासाठी वेगळं असतं. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. आर्टिकलांची चार वेगळी खाती असती तर किमान एकाच्या कामाची चित्रं दुसऱ्यासमोर आली नसती. एका खात्यावर आठ जण बसवल्यानं ही भिंत ऑफिसनं स्वतःच काढून टाकली होती.

काढून टाकताना

फिल्टर नीट लावून रिकॉल ठेवावं का, यावर चर्चा झाली. ‘फिल्टर लिस्ट’मध्ये एक्सेल, टॅली, एनीडेस्क, व्हॉट्सॲप ही ॲप आणि बँकांची, आयकर व जीएसटी पोर्टलची संकेतस्थळं घालता येतात. पण यादी करत गेल्यावर दिसलं की कर सल्लागाराच्या स्क्रीनवर वगळण्यासारखं नसलेलं काही उरतच नाही. शिवाय संकेतस्थळांचा फिल्टर रिकॉलला साथ देणाऱ्या ब्राउझरांतच चालतो. एखादा लेखक किंवा संशोधक स्वतःच्या यंत्रावर रिकॉल वापरत असेल तर त्याला ते खरोखर उपयोगी पडेल. दुसऱ्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ऑफिसात, आमच्या मते, ते नसावं. ऑफिसनं काढून टाकायचं ठरवलं.

आधी ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’मध्ये ‘डिलीट स्नॅपशॉट्स’मधून सगळं खोडलं. मग स्टार्टच्या शोधात ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडून ‘रिकॉल’समोरची खूण काढली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. होम आवृत्तीवर हाच सोपा मार्ग आहे. तिथे ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवायचं साधन) नसतो, आणि तो आणून देतो म्हणणाऱ्या इंटरनेटवरच्या फायली चालवू नयेत. परत सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये रिकॉल शोधून पाहिलं, खिडकीतली खूण निघालेलीच आहे हे पाहिलं, आणि डिस्कवर किती जागा मोकळी झाली तेही. हे प्रत्येक यंत्रावर वेगळं करावं लागतं.

भागीदारांपैकी एकाकडे प्रो आवृत्तीचा कोपायलट प्लस लॅपटॉप होता. त्यावर ग्रुप पॉलिसी वापरली: ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘विंडोज एआय’. इथे हमखास एक चूक होते आणि इथेही झाली. स्नॅपशॉट साठवणं बंद करणाऱ्या धोरणाचं नाव ‘टर्न ऑफ’नं सुरू होतं. बंद करायचं म्हणून त्यांनी ‘डिसेबल्ड’ निवडलं. म्हणजे बंद करण्याचा नियमच बंद झाला. तिथे ‘एनेबल्ड’ लागतं. त्याच फोल्डरमधल्या ‘अलाऊ रिकॉल टू बी एनेबल्ड’ला मात्र ‘डिसेबल्ड’ लागतं. नाव पूर्ण वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढी एक शिस्त पुरते.

पासवर्ड बदलणं हे सर्वांत वेळखाऊ काम ठरलं. शीटमधल्या प्रत्येक क्लायंटचा आयकर आणि जीएसटी पासवर्ड बदलायला क्लायंटच्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणजे फोन करून, कारण सांगून, ओटीपी घेऊन. रोज दोन अकाउंटंट प्रत्येकी पंधरा-वीस क्लायंट उरकत होते. पण ज्याच्या पासवर्डचं चित्र आठ-दहा जणांना उघडता येत होतं तो पासवर्ड जुनाच ठेवणं शक्य नव्हतं. शीटच्या जागी पासवर्ड मॅनेजर आणला. त्यात पासवर्ड ठिपक्यांतच राहतो आणि कॉपी होऊन पोर्टलवर जातो, स्क्रीनवर उघडा येत नाही.

डेटा खरोखर बाहेर जातो तो कुठून

रिकॉलच्या गडबडीत दुसरी गोष्ट सापडली आणि ती जास्त सरळ होती. त्याच लॅपटॉपवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, सुरू होतं आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स फोल्डर आर्टिकलच्या वैयक्तिक खात्यात चढत होते. ५ जीबीची मोफत मर्यादा भरली म्हणून थांबलं होतं, कुणी थांबवलं म्हणून नव्हे. शिवाय दोन आर्टिकल जीएसटीच्या नोटिसा जशाच्या तशा मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय सहायकात टाकून उत्तराचा मसुदा मागत होते. कोपायलटला दिलेला मजकूर यंत्रावर राहत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर जातो. कोपायलट व्हिजन सुरू केल्यास समोरची स्क्रीनही तशीच जाते. रिकॉल स्थानिक, कोपायलट ढगातलं, हा फरक ऑफिसात कुणालाच माहीत नव्हता, कारण सगळ्याचं नाव ‘एआय’ एवढंच होतं. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २९ जानेवारी २०२५ च्या सूचनेत चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं कार्यालयीन यंत्रांवर वापरू नयेत असं सांगितलं ते याच कारणासाठी. आता नोटीस द्यायची असेल तर नाव, जीएसटीआयएन, पत्ता आणि रकमा काढून, आणि भागीदारांना दाखवून.

दुसऱ्या भागीदारांकडे मॅक होता आणि ‘ॲपलमध्ये असलं काही नसतं’ असं त्यांचं म्हणणं होतं. स्क्रीनची अखंड चित्रं घेणारं ॲपलचं काही नाही, हे खरं. पण ॲपल इंटेलिजन्स हे ॲपलचं एआय मॅकओएस १५.३ पासून सुरूच असलेलं येतं, जड कामं ‘प्रायव्हेट क्लाउड कम्प्यूट’ सर्व्हरवर पाठवतं आणि चॅटजीपीटीची जोड लावली असेल तर तिकडेही. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधला ‘ॲपल इंटेलिजन्स रिपोर्ट’ काढला की काय बाहेर गेलं ते दिसतं. त्यांच्या मॅकवर तो काढला आणि चॅटजीपीटीची जोड बंद केली.

क्लायंटला काय सांगितलं

कायद्याच्या दृष्टीनं दोन गोष्टी ठळक होत्या. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार कामाच्या ओघात मिळालेली क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला उघड करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. अंबडच्या त्या कारखानदारासमोर नेमकं तेच घडलं, हेतू काहीही असो. दुसरं, वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. लहान ऑफिसला एवढा दंड होईल असं कुणी म्हणत नाही, पण तोवर थांबावं असंही त्यातून निघत नाही.

ज्या व्हेंडरचं स्टेटमेंट दिसलं त्याला भागीदार मॅडम स्वतः जाऊन भेटल्या. काय दिसलं, किती वेळ, कुणाला, हे सांगितलं. तो चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. दोन दिवसांनी त्यानं एकच गोष्ट मागितली: त्याचं काम यापुढे एकाच ठरावीक अकाउंटंटकडे असावं. ते मान्य झालं. इतरांना दोन परिच्छेदांचं मराठी पत्र गेलं: काय साठलं होतं, ते खोडलं आहे, पासवर्ड का बदलतो आहोत. पत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ असे शब्द होते. ते काढायला लावले, कारण त्यातून क्लायंटला काहीच कळत नाही.

ऑफिसात आता प्रत्येकाचं वेगळं विंडोज खातं आहे, पिन सहा आकडी आणि ज्याचा त्याला माहीत. एनीडेस्कचा कायमचा पासवर्ड काढला. टॅलीचा तंत्रज्ञ दर वेळी परवानगी मागतो आणि काम संपेपर्यंत कुणीतरी समोर बसतं. दुरुस्तीला यंत्र देताना पावतीवरचा पासवर्डचा रकाना रिकामा सोडतात, आणि चाचणीसाठी लागलंच तर रिकामं तात्पुरतं खातं बनवून देतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर, म्हणजे विंडोजचं मासिक अपडेट बसल्यावर, एक अकाउंटंट सगळ्या यंत्रांवर तीन गोष्टी पाहतो: रिकॉलची खूण, वनड्राइव्हची स्थिती, आणि ‘सिस्टम’मधल्या एआयच्या पानावर नवं काही सुरू झालंय का. २०२५ च्या शेवटी चाचणी स्वरूपात आलेल्या ‘एजंट’, म्हणजे आपल्या वतीनं कामं करणाऱ्या एआय, सुविधांना डॉक्युमेंट्स, डाउनलोड्ससारखे फोल्डर उघडता येतात, आणि एखाद्या कागदात लपवलेल्या सूचना एजंट पाळू लागेल असा धोका मायक्रोसॉफ्टनंच नोंदवला आहे. ते बटण बंद आहे याची खात्री याच फेरीत होते.

एक बाजू मात्र ऑफिसच्या हातात नाही. पिंपळगावच्या एका निर्यातदाराच्या मुनीमजींनी नुकताच कोपायलट प्लस लॅपटॉप घेतला आहे. ऑफिसनं पाठवलेली ताळेबंदाची फाईल, स्क्रीन शेअर करून दाखवलेली इतरांची नमुना विवरणपत्रं, सगळं त्यांच्या स्क्रीनवर उमटतं. म्हणून नमुने दाखवण्यासाठी काल्पनिक आकड्यांची वेगळी फाईल तयार केली आहे, आणि वार्षिक कामाच्या पत्रात एक ओळ वाढवली आहे: ‘आपल्या संगणकावर रिकॉल सुरू असल्यास कृपया कळवावे, ते बंद कसे करायचे ते आम्ही दाखवू.’ मुनीमजींनी फोन केला. त्यांच्या लॅपटॉपवर रिकॉल सुरू होतं, आणि पिन त्यांच्या शाळकरी नातवाला माहीत होता.